मेंढपाळही कुणाच्या तरी मागे चालतो

नेरळहून कळंबकडे जाणारा रस्ता पोशीरवरून जातो. या पट्ट्यात भाताची खाचरे, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या, मुंबईकरांची फार्महाऊस आणि पहाटेची लोकल गाठणारे नोकरदार असे सगळे एकमेकांना खेटून राहतात. ख्रिस्ती माणसे त्यात थोडी. अशा गावांत मंडळी म्हणजे बहुधा कुणाच्या तरी ओटीवर चटई अंथरून भरणारी पंधरा-वीस जणांची प्रार्थनासभा. तिथे पुढारी कसा ठरतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. ज्याला बायबल न अडखळता वाचता येते, ज्याच्याकडे मोटारसायकल आहे, ज्याची ओटी मोठी आहे, तो हळूहळू पुढे होतो. त्याला कुणी निवडलेले नसते आणि कुणी नाकारलेलेही नसते. दोन-तीन वर्षांत लोक त्याला ‘पास्टर’ म्हणू लागतात. मग तो आजारी पडला की सभा बंद, आणि तो चुकला की सगळी मंडळीच चुकते.

हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याहून जास्त त्याच्यासमोर चटईवर बसणाऱ्यांसाठी. मंडळीतल्या पुढारीपणावर प्रवचने पुष्कळ होतात, शिबिरेही होतात. चांगला अनुयायी कसा असावा हे मात्र कुणी शिकवत नाही. ‘ऐका आणि आज्ञा पाळा’ एवढ्यावर ते शिक्षण संपते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्या मंडळीत पुढाऱ्याला ‘हे मला बरोबर वाटत नाही’ असे तोंडावर आणि प्रेमाने सांगता येते, तीच मंडळी त्याच्या पश्चात टिकते.

पुढारी कुणाचे ऐकतो?

याकोब आणि योहान यांनी येशूकडे त्याच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागितली, ही गोष्ट मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. बाकीचे दहा शिष्य चिडले. त्यांचा राग न्यायासाठी होता असे मला कधीच वाटले नाही. तीच आसने त्यांनाही हवी होती. येशूने बाराही जणांना जवळ बोलावून सांगितले की जगातले राज्यकर्ते लोकांवर धनीपणा करतात, तुमच्यात ती रीत चालणार नाही. मग शेवटच्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले. आपण ही गोष्ट नेहमी येशूच्या बाजूने सांगतो. पेत्राच्या बाजूनेही ती पाहा. पेत्र आधी ‘नाही’ म्हणाला. येशूने त्याला गप्प बसवले नाही, आपण हे का करतो ते त्याला सांगितले, आणि मग पेत्राने पाय पुढे केले. गुरूला अडवणारा शिष्य आणि त्याला कारण सांगणारा गुरू, अशी ती जोडी आहे.

पुढे याच पेत्राने आपल्या पत्रात मंडळीच्या वडिलांना सांगितले आहे की कळपावर सत्ता गाजवू नका, कित्ता व्हा. आणि लगेच मुख्य मेंढपाळाची आठवण करून दिली आहे. म्हणजे मंडळीत जो पुढे चालतो तोही मागेच चालतो आहे. हे बोलायला सोपे आहे, म्हणून त्याची एक साधी कसोटी सांगते. तुमच्या पास्टरने गेल्या वर्षभरात कुणाचे ऐकून आपला एखादा निर्णय बदलला, ते आठवा. एकही उदाहरण आठवत नसेल, तर तो फार शहाणा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. त्याला कुणी काही सांगत नाही असा होतो.

पुढारी असाल तर यासाठी करण्याजोग्या गोष्टी आहेत. महिन्यातून एका उपासनेत निव्वळ श्रोता म्हणून बसा. प्रवचन दुसऱ्याला करू द्या आणि संपल्यावर त्यात दुरुस्त्या सांगत बसू नका. कर्जत, बदलापूर किंवा खोपोलीतला वयाने आणि अनुभवाने मोठा असलेला एखादा पाळक गाठा. तो तुमच्या मंडळीतला नसावा आणि तुमच्या पैशावर अवलंबून नसावा. दर दोन महिन्यांनी त्याच्यासमोर बसून आपले काम, आपला राग आणि आपल्या घरातली ओढाताण मोकळेपणी सांगा. आणि मंडळीतल्या दोन माणसांना सगळ्यांदेखत सांगून ठेवा की मी चुकतोय असे दिसले तर येऊन सांगा. तो अधिकार सभेसमोर दिला नाही तर कुणी येत नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्याला चूक दाखवणे हाच उद्धटपणा मानला जातो.

मोशेचीही तीच गत झाली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा लोकांचे तंटे ऐकत बसे. त्याला ‘हे बरे नाही, तू थकशील आणि लोकही थकतील’ असे सांगणारा निघाला त्याचा सासरा इथ्रो, तोही बाहेरचा, मिद्यानाचा. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमण्याची तोड त्याने काढली, आणि देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेने सासऱ्याचा सल्ला मानला. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात असेच घडले. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे ठरवले नाही. त्यांनी मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्यांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटप सोपवले गेले. आपल्या मंडळीत कातकरी वाडीवरची माणसे येत असतील आणि कमिटीत त्यांच्यापैकी एकही नसेल, तर हा अध्याय कमिटीच्या पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.

वाद घालणारी अनुयायी

मराठी ख्रिस्ती समाजाच्या घरातच या विषयाचा सर्वांत मोठा धडा आहे, आणि आपण तो पुरता घेतलेला नाही.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी बायकोपुढे दोनच वाटा दिसत होत्या: नवऱ्यामागोमाग मुकाट्याने जावे, नाहीतर त्याला मेला समजावे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दोन्ही नाकारल्या. त्या नातेवाइकांच्या आधाराने मुलाला घेऊन राहिल्या, सोसत राहिल्या. पुढे टिळकांकडे आल्या त्यासुद्धा आपले सोवळे बरोबर घेऊन. त्यांचे जेवणखाण वेगळे होते. टिळकांनी ते चालू दिले. नवरा म्हणून आणि त्या काळच्या नव्या धर्मोपदेशकाच्या उत्साहाने त्यांना सक्ती करता आली असती, आणि कुणी त्यांना बोल लावला नसता. माणसामाणसांतला जातीचा भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना पटले ते त्यांच्याच डोक्याने आणि त्यांच्याच वेळी. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, म्हणजे नवऱ्याच्या नंतर पाचेक वर्षांनी. त्यांच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ती वाचताना जाणवते की या बाईंचे टिळकांवर जीवापाड प्रेम होते आणि त्यांच्या लहरीपुढे, उधळेपणापुढे, तापट स्वभावापुढे त्या गप्पही बसत नव्हत्या.

आता टिळकांच्या आयुष्याच्या शेवटाकडे या. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, परदेशी पैशावर आणि परदेशी साहेबावर अवलंबून राहू नये, ही कल्पना फार मोठी होती. आजही कित्येकांना ती पेलणारी नाही. पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहिला नाही. त्यांनी मागे आणखी एक अपुरे काम ठेवले होते, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य. त्याचे सुरुवातीचे थोडे अध्याय त्यांच्या हातून झाले होते. बाकीचा मोठा भाग लिहिला लक्ष्मीबाईंनी. या बाई कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळखही त्यांना नवऱ्यानेच करून दिली होती. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि त्यांचा मुलगा देवदत्त याने ते पुस्तक १९३८ मध्ये लोकांपुढे आणले.

दरबाराला टिळकांचे चाहते होते. ‘ख्रिस्तायन’ला एक अशी व्यक्ती मिळाली जिने टिळकांना आयुष्यभर प्रश्न विचारले होते. चाहत्याला नेत्याचे शब्द पाठ असतात. वाद घातलेल्या माणसाला त्या शब्दांमागची कारणे ठाऊक असतात. नेता गेल्यावर नवे प्रसंग येतात, त्यांना जुने शब्द पुरत नाहीत, तिथे कारणेच उपयोगी पडतात. दरबार मोडण्याला अवघ्या दोन वर्षांचा अवधी, पैशाची चणचण अशीही निमित्ते असतील. तरी ही दोन कामे शेजारीशेजारी ठेवली की मला पुन्हा पुन्हा हेच दिसते. आपल्या मंडळीत जी बाई प्रवचनानंतर उठून प्रश्न विचारते, तिच्याकडे पाळकाने याच नजरेने पाहावे. उद्या काम पुढे नेणारी बहुधा तीच असेल.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना आधार देणाऱ्या भगिनी जेराल्डीन यांना वाटे की नव्या ख्रिस्ती बाईने चर्चची शिकवण निमूट स्वीकारावी. रमाबाई पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका धर्मातल्या पुरोहितांच्या सत्तेतून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेली बाई दुसऱ्या धर्मातल्या पुरोहितांच्या हाती आपला विवेक द्यायला तयार नव्हती. ख्रिस्ताची आज्ञा आणि धर्मगुरूंचे मत यांत त्या फरक करत होत्या. अशी माणसे पुढे बंडखोर होऊन कुठेच रुजत नाहीत, असे आपल्याला वाटते. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या, केडगावला मुक्ती मिशन वसवले आणि पन्नाशी जवळ आली असताना हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या बायबलचे खिळे जुळवणे आणि छपाई ही कामे केडगावच्या छापखान्यातल्या बायका-मुलींनीच केली. ज्यांना समाजाने टाकून दिले होते त्यांच्या हाती त्यांनी अख्खे शास्त्र सोपवले. जिला स्वतःला कुणी हुकमाने वाकवू शकले नाही, ती दुसऱ्यांवर इतका विश्वास टाकू शकली.

प्रश्न विचारावा कसा

बिरुया गावच्या लोकांची लूक वाखाणणी करतो ती यासाठी की पौल सांगतो ते तसेच आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून तपासत होते. पौलासारख्या माणसाला तपासणे चालते, तर आपल्या पास्टरला का नाही? आणि याच पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांसमोर अडवले होते. परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र काही माणसे आल्यावर पंगतीतून मागे सरला, एवढेच कारण होते. जेवणाच्या पंगतीचा प्रश्न सुवार्तेचा प्रश्न असू शकतो, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

तरी विचारण्याची रीत असते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने ती पायरी-पायरीने सांगितली आहे: आधी एकट्याला गाठून बोला, नाही ऐकले तर आणखी एक-दोघांना बरोबर न्या, तरीही नाही तर मंडळीसमोर मांडा. आपण नेमके उलटे करतो. आधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सूचक वचन टाकतो, मग विहिरीवर आणि लोकलच्या डब्यात बोलतो, आणि ज्याच्याबद्दल बोलतो त्याला सगळ्यांत शेवटी कळते. पास्टरकडे जाताना रविवारी उपासना संपल्याबरोबर जाऊ नका. तेव्हा तो थकलेला असतो आणि भोवती माणसे असतात. मधल्या वारी, वेळ ठरवून, त्याच्या घरी जा. घडलेली गोष्ट सांगा, स्वभावावर बोलू नका. ‘पास्टरसाहेब, आषाढातल्या वर्गणीचा हिशेब अजून वाचला गेला नाही’ हे बोलणे आहे. ‘तुम्हाला पारदर्शकताच नको’ ही शिवी आहे. नाथान दावीदाकडे गेला तेव्हा त्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि न्याय दावीदाच्याच तोंडून वदवला. राजासमोर उभे राहण्याचे धैर्य आणि बोलण्याची इतकी तयारी, दोन्ही त्याच्याकडे होती.

ही पायऱ्यांची रीत एका ठिकाणी लागू करू नये, आणि इथे मला कुणाचेही मन राखायचे नाही. बाईशी किंवा मुलाशी गैरवर्तन झाले असेल तर ‘आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल’ असे पीडिताला सांगणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मंडळीच्या कमिटीची परवानगी लागत नाही. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’ हे कारण कुणी पुढे केले तर त्या माणसाला शब्बाथशाळेच्या जवळ फिरकू देऊ नये.

जगभर गाजलेले वक्ते रवी झकारायस २०२० च्या मे महिन्यात वारले तेव्हा लाखो ख्रिस्ती लोकांनी शोक केला. भारतात जन्मलेला माणूस जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत ख्रिस्ताची बाजू मांडतो, याचा आपल्याला अभिमान होता. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला आणि त्यांनी अनेक स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन समोर आले. त्यांच्या हयातीत तक्रार झाली होती. पण तक्रार करणाऱ्या बाईवर कुणी विश्वास ठेवला नाही आणि संस्थेत शंका काढणाऱ्यांना ऐकून घेतले गेले नाही. हे पाप एकट्या पुढाऱ्याचे नव्हते. ज्यांनी मागे चालताना डोळे मिटले, त्यांचाही त्यात वाटा होता. ओटीवरच्या पंधरा माणसांच्या सभेतही साधे नियम पाळावेत. पाळकाने एकट्या बाईच्या किंवा मुलीच्या घरी एकट्याने प्रार्थनेला जाऊ नये, बरोबर आपली पत्नी किंवा महिला मंडळातली एखादी बाई असावी. मुलांचा वर्ग दार उघडे ठेवून आणि दोन मोठी माणसे असताना घ्यावा. हे नियम संशयामुळे केलेले नाहीत, ते सगळ्यांना सारखे आहेत, असे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

पैसा

यात फार बोलण्यासारखे नाही, करण्यासारखे आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. दान उपासना संपल्यावर तिथेच मोजावे. मोजणारे दोघे असावेत, एकाच घरातले नसावेत, आणि पाळक त्यांत नसावा. वहीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. महिन्यातून एकदा आकडा सगळ्यांसमोर वाचावा, मग तो तीनशे रुपयांचा का असेना. मंडळीच्या देणग्या पाळकाच्या स्वतःच्या बँक खात्यात किंवा त्याच्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर घेऊ नयेत. सुरुवातीला सोय म्हणून हे होते आणि पुढे चांगल्या माणसाचेही नाव खराब होते.

मंडळी वाढून जागा किंवा इमारत घेण्याची वेळ आली की सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. त्याखाली हिशेबाचे ऑडिट करून घ्यावे लागते आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. कित्येक न्यासांच्या कागदावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्यांची नावे अजून असतात आणि जमिनीचा तंटा उभा राहिला की सगळे कोर्टाच्या पायऱ्यांवर दिसतात. दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या बैठकीत विश्वस्तांची यादी एकदा वाचून घेतली तरी हे टळते.

गावात मागे चालणे

पोशीरसारख्या गावात ख्रिस्ती माणूस रविवारी दोन तास पुढारी असेल; उरलेल्या आठवड्यात तो कुणाच्या तरी मागे चालतो. सरपंच त्याच्या धर्माचा नसतो, बचत गटाची अध्यक्ष नसते, शाळेचे मुख्याध्यापक नसतात. इथे चांगला अनुयायी होणे हीच आपली साक्ष आहे, आणि ती आपण हातची घालवतो. ग्रामसभेला न जाता ‘आपले कोण ऐकतो’ म्हणत घरी बसतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होतात. जाऊन बसा, ठराव वाचून सही करा, पाण्याचा किंवा रस्त्याचा प्रश्न सगळ्या वाड्यांच्या वतीने विचारा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपली मुले त्या शाळेत असतील तर नाव द्या. पद मिळाले नाही तरी पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या मोजायला उभे राहा.

या मातीतल्या पुढारीपणाची ओळख आपल्या मुलांना करून द्या. माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल वकील झाले. सावकारीत पिचणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या चालवल्या, आणि १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता नावाची भूमिगत तुकडी उभी केली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले, आणि त्यांच्याबरोबर मानिवलीचे हिराजी पाटीलही. त्यांचा मार्ग ख्रिस्ती माणसाने घ्यावा का, हा वेगळा वाद आहे. पण लोक त्यांच्यामागे का गेले ते पाहा: हाक देण्याआधी त्यांनी लोकांच्या कोठीची काळजी केली होती. आणि इथल्या आठवणीत कोतवालांबरोबर हिराजींचेही नाव घेतले जाते. मागे चालणाऱ्याचे नाव विसरू न देणारा हा मुलूख आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ता नव्हता. पावसात, चिखलातून डोंगर चढून मदत न्यावी लागली. अशा वेळी वाट माहीत असलेला वाडीतला तरुण पुढे होतो आणि मोठा अधिकारीही त्याच्या पावलांवर पाऊल टाकतो. कुणाच्या घरात किती माणसे झोपली होती हे सांगू शकणारा त्या क्षणी सर्वांत महत्त्वाचा असतो. मंडळीनेही पावसाळ्याआधी एक वही करावी. दरडीच्या किंवा नदीच्या काठच्या घरांत कोण राहते, म्हातारे किती, बाळंतीण कोण, हे त्यात लिहावे. धर्म न पाहता लिहावे. आणि तिची एक प्रत पोलीस पाटलांकडे द्यावी. हे काम पास्टरने करण्याची गरज नाही. तरुण संघातल्या एखाद्या मुलीकडे ते सोपवा आणि या कामात पास्टरनेही तिचे ऐकावे.

खुर्ची सोडताना

राबातले आवण वेळेत उपटून खाचरात लावले नाही तर ते तिथेच पिवळे पडते, हे कर्जतकडच्या माणसाला मी सांगायला नको. तरुणांचेही तसेच होते. पंचविशीतल्या मुलाला चाळिशीपर्यंत ढोलकी आणि तबकडीच सांभाळायला दिली, तर तो एक दिवस दुसऱ्या मंडळीत जातो किंवा कुठेच जात नाही. बर्णबाने पौलाला तार्ससहून शोधून आणले, अंत्युखियात वर्षभर बरोबर काम केले, आणि पुढे कृत्यांच्या पुस्तकात आधी बर्णबाचे नाव येई, ते बदलून ‘पौल आणि बर्णबा’ असे झाले. बर्णबाने त्याबद्दल तक्रार केल्याचे कुठे दिसत नाही. पुढे योहान मार्कावरून दोघांचे जोरात भांडण होऊन वाटा वेगळ्या झाल्या, हेही तिथे न लपवता लिहिले आहे.

रमाबाईंनी आपल्यामागे आपली मुलगी मनोरमा हिला तयार केले होते. १९२१ मध्ये मनोरमा त्यांच्या आधी गेली आणि काही महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही. तरी मुक्ती मिशन बंद पडले नाही, आजही केडगावला ते उभे आहे. कारण काम एका वारसावर टांगलेले नव्हते, शेकडो हातांत वाटलेले होते. तेव्हा मुलगा पास्टर व्हावा अशी इच्छा असणाऱ्या प्रत्येक पाळकाने निदान तीन माणसे तयार करावीत, आणि त्यांतली दोन आपल्या नात्याबाहेरची असावीत. निवड मंडळीने करावी. तारीख आधी जाहीर करावी. वह्या, चाव्या, बँकेचे पासबुक, न्यासाचे कागद यांची यादी करून सर्वांसमोर नव्या माणसाच्या हाती द्यावी, आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

त्यानंतरचे सहा महिने जुन्या पाळकाला सर्वांत अवघड जातात. शक्य असेल तर पहिले काही रविवार त्याने शेजारच्या मंडळीत जाऊन उपासना करावी. परत आल्यावर पुढे नाही, मधल्या चटईवर बसावे. नव्याने सल्ला विचारला तर द्यावा. विचारला नाही तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी, तीही घरी. आणि कुणी संध्याकाळी ओटीवर येऊन ‘तुमच्या वेळी असे नव्हते’ म्हणू लागले, तर चहा द्यावा, पण ते बोलणे तिथेच थांबवून त्या माणसाला नव्या पाळकाकडे पाठवावे.